रिपोर्ट नॉर्मल, तरी बोटं सुजलेली

प्रश्न : वय ४३. चार महिन्यांपासून दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, कणीक मळवत नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी निगेटिव्ह, ईएसआर थोडा वाढलेला. ‘संधिवात नाही’ म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. मग हे आहे तरी काय?
— एक वाचक, दिलसुखनगर, हैदराबाद

उत्तर : ताई, एवढ्यावरून आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आमवाताच्या पाचांपैकी साधारण एका रुग्णाच्या रक्तात हे दोन्ही घटक सापडतच नाहीत. उलट हिपॅटायटिस सी, क्षय किंवा नुसत्या उतारवयातही आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो.

अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली गुणपद्धत ठरवली : दहापैकी सहा गुण म्हणजे आमवात. तुमचे मांडून पाहू. चार ते दहा लहान सांधे सुजले असतील तर ३, सहा आठवड्यांहून जुनं दुखणं १, वाढलेला ईएसआर १. झाले पाच! रक्तातल्या घटकांसाठी राखलेले गुण तुम्हाला मिळणारच नाहीत. पण ही पद्धत संशोधनासाठी रुग्ण निवडायला केलेली आहे, एका गुणासाठी कुणाला घरी पाठवायला नव्हे. त्या एका गुणापायी उपचारांचे मोलाचे महिने वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

खरा निर्णय तपासणीत होतो. बोटांच्या मुळाचा एकेक सांधा दाबून पाहावा लागतो. सूज हाडाची आहे की मऊ अस्तराची, हे डॉक्टरांच्या बोटांना कळतं. शंका उरली तर पॉवर डॉप्लर सोनोग्राफीत अस्तराचा दाह दिसतो, एक्स-रेत तो सुरुवातीला दिसत नाही. एक्स-रे काढाल तेव्हा पावलांचाही काढा; हाडांची झीज कधी कधी तिथे आधी दिसते.

दुखण्याआधी ताप येऊन गेला होता का? चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने असेच धरतात. डोक्यात खपल्या किंवा नखांवर बारीक खळगे असतील तर सोरायसिसचा संधिवात असू शकतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे आणि दिलसुखनगरहून मेट्रो थेट जाते. तिथे दाखवेपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइड सुरू करू नका, सूज दबली की निदान आणखी अवघड होतं. सकाळी हात सुजलेले असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे आमवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध दिलंच, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.