गुम्मिडिपूंडीच्या पर्यायी मार्गाने शिकवलेलं

चेन्नईहून उत्तरेकडे लोकलने निघालं की आंध्रची हद्द येण्याआधी गुम्मिडिपूंडी लागतं. तिथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचा सर्व्हर माझ्याकडे होता. २००० नंतरची ती वर्षं. मुख्य कार्यालय पुण्यात. मध्ये ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन, आणि ती पडली तर मॉडेमने थेट पुण्याला फोन लावायचा, अशी सोय. ती सोय खरोखर उपयोगी पडावी म्हणून जे करावं लागलं, त्यातून माझ्या मनात राहिलेल्या या गोष्टी.

१. राउटरचा दिवा हिरवा असणं आणि पुणं गाठता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटिंग टेबलमध्ये पुण्याचे दोन मार्ग लिहिलेले होते: लीज्ड लाइनचं मेट्रिक कमी, मॉडेमचं जास्त; ज्याचं कमी तो मार्ग आधी. एक बंद पडला की सर्व्हर आपोआप दुसरा धरेल, असं वाटतं. पण सर्व्हरला दिसतो फक्त शेजारचा राउटर. पुढची लाइन तुटली तरी राउटरपर्यंतची केबल शाबूत असते, मार्ग टेबलमध्ये तसाच राहतो आणि पॅकेट वाटेत हरवत राहतात. म्हणून थेट पुण्याच्या मशीनला थोड्या थोड्या वेळाने पिंग करणारी आणि उत्तर येईनासं झालं की तो मार्ग काढून टाकणारी स्क्रिप्ट लिहिली. जिथे पोचायचंय तिथूनच उत्तर यायला हवं. मधल्या कुणाचा भरवसा पुरत नाही.

२. जायचा मार्ग बदलला म्हणून परतीचा बदलत नाही. मॉडेम लागला, आमची पॅकेट पुण्याला पोचली, तरी पडद्यावर काही येईना. पुण्याचा राउटर उत्तरं त्या बंद लाइनवरच पाठवत होता. तिथेही आमच्या नेटवर्कसाठी मॉडेमचा मार्ग लिहिला, तेव्हा काम सुरू झालं. पुस्तकात हे एका वाक्यात असतं. पुण्याच्या सहकाऱ्याबरोबर फोनवर दोन्हीकडची टेबलं ओळीओळीने वाचताना ते माझ्यात मुरलं. अर्धं काम कायम दुसऱ्या टोकाला असतं आणि तिथल्या माणसाशी आधी बोलून ठेवावं लागतं.

३. अरुंद वाटेवर कोण आधी जाणार, हे निवांत दिवशी ठरवावं. ५६ केबीपीएसचा मॉडेमसुद्धा दोन्ही टोकांना साधी टेलिफोन लाइन असेल तर ३३.६ च्या वर जात नाही. त्या वेगाने एक मेगाबाइटची फाइल जायला चार मिनिटं लागतात. सगळी वाहतूक तिकडे वळवणारा डिफॉल्ट रूट दिला, तर एखाद्या ईमेलच्या अटॅचमेंटने वाट अडते. म्हणून मॉडेमवरून फक्त पुण्यातल्या डिस्पॅचच्या, म्हणजे माल पाठवताना इन्व्हॉइस काढणाऱ्या, सर्व्हरचा मार्ग दिला. तेव्हा एक्साइज इन्व्हॉइसशिवाय माल गेटबाहेर नेता येत नसे. एलावूरचा चेकपोस्ट ओलांडून उत्तरेला जायचे ट्रक भरून उभे असत. साहेबांची मेल थोडी थांबू शकते, ट्रकमध्ये ताटकळणाऱ्या ड्रायव्हरला थांबवू नये, हे मला गेटवर जाऊन उभं राहिल्यावर समजलं.

४. दोन लाइनी असल्या तरी मार्ग एकच असू शकतो. रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात केबलला लागला आणि लीज्ड लाइनबरोबर टेलिफोनही गेला. ‘रेंडुमे डेड, मॅडम,’ लाइनमन म्हणाला; म्हणजे दोन्ही गेल्या. दोन्हीच्या तारा एकाच चरातून येत होत्या. पुढे ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन्ही केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट मंदावलं, तेव्हा मला तोच चर आठवला. चेन्नईतच आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट ही बिनतारी टेलिफोन प्रणाली घडवली होती. शेवटच्या टप्प्यातली तांब्याची तार टाळण्याला एवढं महत्त्व का, हे मला त्या चराच्या काठावर उमगलं.

५. गरज कशाला म्हणायचं, हे यंत्राला ठाऊक नसतं. गरज पडली की फोन लाव, एवढंच मॉडेमला सांगितलं, तर कुठल्या तरी पीसीने सहज एखाद्या मशीनच्या नावाचा पत्ता विचारला तरी तो एसटीडी लावतो. कोणत्या पॅकेटसाठी फोन उचलायचा आणि कोणत्यासाठी नाही, याची यादी माणसालाच करावी लागते. ती करताना कारखान्यात रात्री खरोखर काय चालतं, ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

६. परत येण्याची घाई करू नये. दुखावलेली लाइन क्षणभर सुरू होते आणि पुन्हा पडते. सर्व्हर प्रत्येक वेळी इकडून तिकडे उड्या मारू लागला, तर चालू कामं मध्येच तुटतात आणि इन्व्हॉइस अर्धवट राहतात. म्हणून सोडून जायला थोडी पिंग चुकणं पुरे, पण परतायला बराच वेळ सलग उत्तरं आली पाहिजेत, असा नियम केला. सावध माणसं विश्वासाच्या बाबतीत असंच वागतात, हे त्या नियमाकडे पाहताना जाणवलं.

७. न वापरलेला मार्ग टेबलमध्ये दिसत राहतो आणि प्रत्यक्षात संपलेला असतो. पलीकडच्या मॉडेमचा नंबर बदलतो, पासवर्डची मुदत उलटते, कुणीतरी तीच लाइन फॅक्सला जोडतं. म्हणून ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्याआधी आम्ही लीज्ड लाइनची केबल मुद्दाम काढायचो आणि डिस्पॅचच्या लोकांना मॉडेमवरून इन्व्हॉइस काढायला लावायचो. चालू असलेली गोष्ट आपल्या हाताने बंद करायला धीर लागतो; त्यांना तो माझ्याआधी आला. आता फायबर आहे, सिमकार्डवर चालणारे राउटर आहेत. तरीही कुणी ‘पर्याय आहे’ म्हणालं की तो शेवटचा कधी वापरला, हे मी विचारते. आठवत नसेल, तर तो आजच, सगळं नीट चालू असताना, वापरून बघावा.