मालमोटारीचा तांबडा दिवा : बॅटरी बदलण्यापूर्वी काय पाहावे

दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापसाची वेचणी भरात येते आणि अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागांतून अकोला व अमरावतीच्या बाजारांकडे कापसाने भरलेल्या मालमोटारी धावू लागतात. मोर्शी व वरूडकडील आंबिया बहाराच्या संत्र्यांची वाहतूकही याच दिवसांत चालते. अशा ऐन हंगामात चालकासमोरील डॅशबोर्डवर बॅटरीचे चिन्ह असलेला तांबडा दिवा लागला, म्हणजे पुष्कळ मालक एकच उपाय करतात : नवी बॅटरी आणतात. काही दिवसांनी तीही उतरते आणि खर्च व्यर्थ जातो. कारण चालत्या इंजिनावर लागणारा हा दिवा बॅटरी जुनी झाल्याचे सांगत नसून तिच्यात वीज भरली जात नसल्याचे सांगत असतो.

शेतकरी बंधूंना हे हौदाच्या उदाहरणाने सहज उमगेल. बॅटरी हा हौद आणि इंजिनावरील पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर हा पंप होय. हौद रिकामा राहू लागला तर आपण नवा हौद बांधीत नाही. आधी पंप, पट्टा आणि पाट पाहतो. हाच क्रम येथेही पाळावा.

दिवा काय सांगतो?

पुष्कळ गाड्यांत हा दिवा बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या मधोमध जोडलेला असतो. दोन्हींकडे विजेचा दाब सारखा झाला म्हणजे त्यातून प्रवाह वाहत नाही व दिवा विझतो. दोन बाऱ्यांत पाण्याची पातळी सारखी झाली की पाणी थांबते, तसेच हे. म्हणून दिव्याची वागणूक नीट न्याहाळावी.

१. चावी फिरविली, इंजिन बंद आहे : दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास बल्ब, फ्यूज किंवा तार तपासावी. अनेक गाड्यांत या दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच अल्टरनेटरची वीजनिर्मिती सुरू होते. तेथे बल्ब गेला तर अल्टरनेटर चांगला असूनही काम सुरू करीत नाही.

२. इंजिन चालू असताना दिवा ठळक लागतो : पट्टा, अल्टरनेटरचे कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर यांत दोष संभवतो.

३. दिवा मंद तेवतो : एखादा डायोड निकामी झाला असावा किंवा एखादा जोड सैल अथवा गंजलेला असावा.

४. चावी काढल्यावरही दिवा लागलेला राहतो : डायोडमधून वीज उलट वाहत असण्याचा संभव असतो. रात्रभर तसेच राहिल्यास सकाळी बॅटरी उतरलेली आढळेल.

प्रथम डोळ्यांनी व हातांनी

इंजिन बंद करून पट्टा पाहावा. तो चिरलेला, तेलकट किंवा गुळगुळीत झालेला नसावा. दोन चाकांमधील लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास साध्या पट्ट्यास साधारण १० ते १२ मिलिमीटर झोल असावा. सैल पट्टा घसरतो आणि वीज कमी पडते. पुष्कळ इंजिनांत याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. म्हणून दिवा लागण्याबरोबर इंजिन तापू लागले तर पट्टा तुटला असे समजून गाडी तत्काळ थांबवावी. नाहीतर इंजिनच निकामी होईल.

त्यानंतर बॅटरीची टर्मिनले पाहावीत. त्यांवर पांढरा किंवा हिरवट थर आला असल्यास जोड काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत; ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. जोड कोरडे करून घट्ट आवळावेत व वरून व्हॅसलीन लावावे. जोड काढताना ऋण तार प्रथम काढावी आणि बसविताना ती शेवटी बसवावी. इंजिनाची व चॅसीची अर्थिंगची तार सैल नाही ना, हेही पाहावे.

मीटरने तपासणी

साधे मल्टीमीटर जवळ असल्यास अनुमानावर विसंबावे लागत नाही. पुढील आकडे १२ व्होल्टच्या पिकअप व ट्रॅक्टरसाठी आहेत. मोठ्या मालमोटारीत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तेथे दोन्ही मिळून मोजताना हे आकडे दुप्पट धरावेत.

सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी : १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

इंजिन मध्यम वेगाने चालू असता : बहुधा १३.८ ते १४.४ व्होल्ट. आकडा सकाळच्या इतकाच राहिला तर अल्टरनेटर वीज देत नाही. तो १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी उकळून आटेल. काही नव्या गाड्यांत या दाबाचे नियंत्रण संगणक करतो. तेथे गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

सर्व दिवे लावून : आकडा १३ च्या खाली उतरू नये.

शेवटी हेच मोजमाप अल्टरनेटरच्या जाड तारेवर घ्यावे. तेथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ आढळल्यास पंप चांगला असून पाट गळतो आहे, म्हणजे दोष तारेत किंवा जोडात आहे. असा दोष दुरुस्त करण्यास नवा अल्टरनेटर लागत नाही.

काय करू नये?

चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून ठिणगी पाहण्याची सवय डायनामोच्या काळातील आहे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत तसे केल्यास दाब एकदम वाढून डायोड जळतात. शिवाय भरताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, आणि मागे कापूस भरलेला असतो. तेथे एक ठिणगीही घातक ठरेल. बॅटरीजवळ बिडी ओढू नये. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीचे जोड काढून ठेवावेत. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

बॅटरीची निगा

आपल्याकडे वैशाखात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते व बॅटरीतील पाणी लवकर उडते. ज्या बॅटरीस झाकणे आहेत, तिची पातळी उन्हाळ्यात दर पंधरवड्यास पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या विहिरींचे पाणी तर चुकूनही घालू नये. त्यातील क्षार बॅटरीच्या पट्ट्या खराब करतात.

वाटेत दिवा लागल्यास

पट्टा शाबूत असून इंजिन तापत नसेल, तर पंखा, टेप व अनावश्यक दिवे बंद करून जवळच्या गावापर्यंत जावे. वाटेत इंजिन बंद करू नये. रात्र असल्यास मात्र पुढचा लांबचा पल्ला गाठण्याचा मोह टाळावा. केवळ समोरचे दोन दिवेच दर तासाला सुमारे १० अँपिअर-तास वीज खातात. बॅटरी उतरत जाईल तसे मागचे दिवेही मंदावतात, आणि महामार्गावर अंधारात उभी राहिलेली भरलेली गाडी मागून येणाऱ्यास दिसत नाही. अशा अपघातात जाणारा जीव कोणत्याही बाजारभावाने भरून निघत नाही.

यास्तव हंगामापूर्वी एका सकाळी पट्टा, टर्मिनले आणि मीटरचे आकडे पाहून ते वहीत लिहून ठेवावेत. पुढे तांबडा दिवा लागला म्हणजे तीच वही उघडावी, दोष नेमका कोठे आहे ते ठरवावे आणि मगच बॅटरीच्या दुकानाची वाट धरावी.