तालमीची हौस

चैत्र लागला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगाव जत्रा भरतात. जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. लहान पोरे रेवड्यांवर, नारळावर लढतात. मोठ्या गड्यांना रोख इनाम. शेवटची कुस्ती सगळ्यांत मोठी. हलगी कडाडली की म्हाताऱ्यांचेही दंड फुरफुरतात!

एक गडी डोळ्यांपुढे आणा. वय तीस. घरी चार एकर रान, दोन म्हशी. कुस्ती हा काही त्याचा धंदा नव्हे, हौस आहे. पहाटे धारा काढायच्या आणि तालीम गाठायची. हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. ती अंगाला लागली की त्याचा दिवस झकास जातो.

एका जत्रेत त्याने चांगली कुस्ती मारली. लोकांनी खांद्यावर घेतले. झाले! "पुढल्या साली शेवटची कुस्ती माझीच," असे त्याने मनाशी धरले. जोर-बैठका दुप्पट केल्या. तालमीत हरला की घरी जेवेना, जोडीदाराशी बोलेना. गुडघा सुजला, तो वस्तादांपासून लपवला. माघात ज्वारी काढणीला आली आणि हा बांधावर पाय धरून बसला. सगळी ज्वारी बायकोने एकटीने उपटली.

वस्तादांना कळले. ते म्हणाले, "अरे, शेवटच्या कुस्तीचा पैलवान दोन्ही वेळ मातीत असतो. त्याला खुराक लागतो, झोप लागते. तुला रान आहे. तू तुझ्या जोडीचा गडी बघ की!"

म्हणजे ईर्षा वाईट का? तसे नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. गादीवर लढायची सवय नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षे कसून मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारतातल्या एकट्या खेळाडूचे ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढे गुडघा दुखावला, म्हणून १९५६ चे ऑलिंपिक मात्र हुकले. एवढ्या मोठ्या पैलवानाला गुडघ्याने थांबवले, तिथे आपली काय कथा?

आपल्या गड्याने पाय दाखवला. दोन महिने हौद्याच्या कडेला बसून पोरांना ढाक शिकवली. पोरे चुकली की हसायचा. असा तो तालमीत कितीतरी दिवसांनी हसत होता.

पुढल्या चैत्रात तो जोडीच्या गड्याशी लढला. वीस मिनिटे झाली, कुस्ती बरोबरीत सुटली. घरी जाताना त्याने पोरांना शेव-रेवडी घेतली. बायकोने विचारले, "काय झालं?"

"सुटली. पण त्याचा डावा पाय कच्चा हाय. पुढल्या साली बघतो."

"आधी ज्वारी," ती म्हणाली.

"आधी ज्वारी," तो म्हणाला.