मुलांसह स्कीइंग शिकायला कुठे जावं, किती खर्च येतो?

काश्मीर सहलीच्या पॅकेजमध्ये 'गुलमर्ग, स्कीइंगसह' असं छापलेलं असतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की सकाळी श्रीनगरहून निघायचं, तासभर पायांत स्की अडकवून कुणाचा तरी हात धरून उभं राहायचं, फोटो काढायचे आणि अंधाराच्या आत परत. असं स्कीइंग येत नाही. खरंच शिकायचं असेल तर एका जागी निदान चार-पाच दिवस मुक्काम हवा. खर्चाचा हिशेबही त्यावरूनच मांडायचा.

नवशिक्यांसाठी आपल्याकडे गुलमर्ग, औली आणि सोलांग ही तीन नावं पुढे येतात. सोलांग मनालीहून जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर; पण तिथल्या बर्फाचा भरवसा अलीकडे उरलेला नाही आणि बर्फ पडलाच तर गर्दीत शिकणाऱ्याला घसरायला जागा मिळत नाही. औलीचा उतार देखणा आहे, गढवाल मंडल विकास निगमचे स्कीइंग वर्गही चांगले. मात्र औलीच्या खालच्या जोशीमठ गावात जमीन खचू लागल्यावर, जानेवारी २०२३ मध्ये, जोशीमठ-औली रोपवे बंद झाला आणि डेहराडूनच्या विमानतळावरून जोशीमठ गाठायलाच अख्खा दिवस मोडतो. तरुणांच्या गटाला चालेल. सात-आठ वर्षांचं पोर सोबत असेल तर मी गुलमर्गच सांगेन.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो आणि जगभरचे स्कीपटू त्यासाठीच येतात. नवशिक्याला तिथे काही काम नाही. वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. तुमची शाळा खाली, गोल्फ कोर्सच्या माळावर. उतार सौम्य, शेवटी सपाट जागा, म्हणजे थांबता आलं नाही तरी माणूस आपोआप थांबतो. मुलांना ओढून वर नेणारी लिफ्टही जवळच. हॉटेल या माळापासून चालत जाण्याजोगं आहे का, हे खोलीतून दिसणाऱ्या देखाव्याच्या आधी विचारा. लहान मुलं दोन तासांत थकतात, थंडीने रडवेली होतात. त्यांना परत खोलीत आणता आलं पाहिजे.

आता पैसे. चौघांचं कुटुंब, चार दिवस असं धरू. स्की, बूट आणि पोल यांच्या भाड्यासाठी माणशी रोजचे हजार रुपये बाजूला ठेवा: सोळा हजार. शिक्षकाला रोजचे अडीच हजार. मुलांना एक आणि मोठ्यांना एक असे दोन घेतलेत तर वीस हजार. लिफ्टचं तिकीट वेगळं. प्रवास आणि हॉटेल सोडून चाळीस हजारांची तयारी हवी. आकडे हंगामानुसार खालीवर होतात, घासाघीसही चालते, पण शिक्षकावरचा पैसा वाचवू नका. वाचवायचाच तर गंडोलावरचा वाचवा.

एक छुपा खर्च गुलमर्गच्या पायथ्याशी, टंगमर्गला भेटतो. बर्फ असला की श्रीनगरची गाडी तिथेच थांबवतात आणि वरच्या तेरा किलोमीटरसाठी साखळ्या लावलेली स्थानिक गाडी करावी लागते. तिथेच गमबूट आणि लांब कोट भाड्याने घ्या म्हणून मागे लागतात. स्की त्या गमबुटांवर बसत नाही. स्कीचे बूट वर वेगळे मिळतात.

हे बूट घेताना घाई नको. मोजा एकच घालायचा, दोन जाड मोजे घातले की पाय आत सरकतो. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जरासा टेकावा, गुडघे वाकवले की सुटावा, टाच मात्र उचलली जाऊ नये. मुलाची स्की त्याच्या हनुवटीपेक्षा उंच नको. बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग मुलाच्या वजनाप्रमाणे सैल करून घ्या, नाहीतर पडल्यावर स्की सुटत नाही आणि पाय पिळवटतो. हेल्मेट मागून घ्यायचंच. पहिल्या दिवशी शिक्षकाने लहान मुलाच्या हातात पोल दिले नाहीत तर तक्रार करू नका, तीच रीत आहे.

सगळ्यांत मोठी अडचण आपल्या शाळांच्या सुट्ट्यांची. नाताळात बर्फ पुरेसा असेलच असं नाही आणि मे महिन्यात माळावर हिरवं गवत असतं. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. प्रजासत्ताक दिनाला जोडून शाळेची चार दिवसांची रजा काढणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय. तरीही हमी नाही: जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्या: बर्फ नसेल तर हॉटेल तारीख बदलून देईल का, आणि तुमच्या प्रवास विम्यात स्कीइंगमधली दुखापत धरली आहे का. बऱ्याच पॉलिसी साहसी खेळ वगळतात.