संगणकाच्या दारातील ओळख

आमच्या काठीच्या राजवाडी होळीत कोणी ओळखपत्र मागत नाही. बापाचे नाव सांगितले की पुरे. संगणकाच्या दारात तसे नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभलीत दिले गेले. पण त्या क्रमांकालाही मोबाईल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही.

गतवर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तालुक्याच्या गावी एका दुकानात मी ईमेल खाते काढून घेतले. दुकानदाराने त्यात मोबाईल क्रमांक स्वतःचा घातला. पुढे मी पासवर्ड विसरलो आणि कोड त्याच्या फोनवर जाऊ लागला. दोन खेपा फुकट गेल्या. मुदत टळते की काय, या धास्तीत घरी काही बोललो नाही. तिसऱ्या खेपेस तो भेटला. खाते उघडताच प्रथम क्रमांक बदलला.

मित्रांनो, संकेतस्थळावर लॉगिन करणे वेगळे आणि क्रोमसारख्या ब्राउझरमध्येच साइन इन करणे वेगळे. दुसऱ्यात सिंक चालू केले, तर आपले जपलेले पासवर्ड त्या यंत्रावरही येतात. म्हणून परक्या संगणकावर ‘गेस्ट’ खिडकी उघडावी. ती बंद केली की आपल्या नोंदी पुसल्या जातात. तसेच उठून आलो असलो, तर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात आपली उपकरणे दिसतात. तेथून साइन आउट करता येते.

आणि डोंगरात रेंज नसेल तेव्हा? द्विस्तरीय पडताळणी चालू केल्यावर गुगलकडून आठ अंकी दहा राखीव कोड घेता येतात. प्रत्येक एकदाच चालतो, त्यासाठी एसएमएस यावा लागत नाही. माझे मी कागदावर उतरवून पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली ठेवले आहेत.