भाजीची पिशवी

युरोपात हॉलंड नावाचा लहानसा देश आहे. १९४० साली हिटलरच्या जर्मन फौजेने तो जिंकला. पुढे तेथील ज्यू लोकांना पकडून छावण्यांत धाडणे सुरू झाले. तेथून फार थोडे परत आले. ज्यू म्हणजे कोण? आपल्या कोकणातले शनवार तेली ज्या धर्माचे, त्याच धर्माचे लोक.

ॲम्स्टरडॅम शहरात ओटो फ्रँक या ज्यू गृहस्थांची पेढी होती. जुलै १९४२ मध्ये ते बायकोमुलींसह पेढीच्याच मागच्या भागात लपले. पुढे तेथे एकूण आठ माणसे झाली. दार दिसू नये म्हणून त्यापुढे पुस्तकांचे फडताळ उभे केले. मीप गीस या पेढीत कामाला होत्या. आम्हांला सांभाळाल का, असे फ्रँक यांनी विचारताच त्या हो म्हणाल्या होत्या.

लपवणे एक वेळ जमेल हो, पण रोज खायला काय घालायचे? सगळे रेशनवर. लपलेल्याला कार्ड कुठले? मीपबाईंचे यजमान ती कार्डे गुपचूप मिळवीत. बाई पिशवी घेऊन दुकाने हिंडत.

जवळच फान हूव्ह हा भाजीवाला होता. ही बाई एवढी भाजी का नेते, हे त्याच्या ध्यानात आलेच. पण त्याने विचारले नाही. उलट तिच्यासाठी भाजी बाजूला काढून ठेवू लागला. बटाटे तर दुपारच्या सुट्टीत, कचेरीत गर्दी नसताना, तो स्वतः आणून देई. आम्ही कित्येक वर्षे इतिहास शिकवला. त्यात सेनापती पुष्कळ होते, भाजीवाला एकही नव्हता.

त्याने आपल्या घरीही दोन ज्यूंना आसरा दिला होता. मे १९४४ मध्ये त्याला धरून नेले. तिकडे लपलेल्यांनी न्याहारी बंद केली. ४ ऑगस्टला पोलिसांनी त्या आठांनाही नेले. पैसे देऊन सुटतात का, हे पाहायला मीपबाई पोलिसांच्या कचेरीत गेल्या. उपयोग झाला नाही. आठांतले एकटे ओटो फ्रँक परत आले. मुलगी ॲन हिची वही मीपबाईंनी न वाचता जपली होती. ती त्यांच्या हाती दिली. १९४७ साली तिचे पुस्तक झाले. भाजीवालाही छावण्या भोगून जिवंत परतला.

मीपबाई मूळच्या व्हिएन्नाच्या. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे मुलांची उपासमार झाली. १९२० साली, अकरा वर्षांच्या असताना, त्यांना पोटभर खायला मिळावे म्हणून हॉलंडला पाठवले. एका साध्या घराने त्यांना ठेवून घेतले. त्या घरात आधीच पाच मुले होती.