पुराचे पाणी आणि शाळकरी मुले

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरले आणि मग लेप्टोच्या तापाने मुंबईत माणसे दगावली. शाळेत आपत्तीचा धडा म्हणजे बहुधा भूकंप आला की बाकाखाली बसणे. तेही हवे; पण आपल्या वस्तीत दर पावसाळ्यात शिरते ते नाल्याचे पाणी, म्हणून मुलांना आधी तेच शिकवा, असे आम्ही म्हणतो.

साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते. त्यातले जंतू पायावरच्या जखमेतून अंगात शिरतात. मुलाच्याच पायावरची खरचट दाखवून सांगा, लगेच कळते. पाण्यात खेळायचे नाही, विजेच्या खांबाला हात लावायचा नाही, भोवरा दिसला तर तिथे उघडे मॅनहोल असू शकते. घरी येताच पाय साबणाने धुवायचे.

पाण्यातून चालावे लागलेच तर ताप नसला तरी ७२ तासांच्या आत दवाखान्यात दाखवा. गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे दिसले, तर मेडिकलच्या गोळीवर दोन दिवस काढू नका. मुंबईत पालिकेचा १९१६ हा नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. आजीकडूनही.